बाटलीतला चारा

परदेशी अत्तरांच्या वर्णनात 'क्लोव्हर' मोठ्या ऐटीत येतं. गुलाब, कस्तुरीच्या पंगतीला बसलेलं हे क्लोव्हर म्हणजे मुळात जनावरांचा चारा. आपल्याकडचं बरसीम त्याच्याच जातकुळीतलं. सोलापूर जिल्ह्यात म्हशीपुढे बरसीम टाकणाऱ्या कुणाला तो वास मनगटाला लावावासा वाटला असेल, असं मला वाटत नाही.

पॅरिसवाल्यांना वाटला. १८९८ साली पिव्हर या जुन्या अत्तरवाल्यांनी किरमिजी क्लोव्हरच्या नावानं 'त्रेफ्ल अँकार्ना' काढलं आणि ते धो धो खपलं. त्यातली करामत मात्र क्लोव्हरची नव्हतीच. ती होती अमाइल सॅलिसिलेट या प्रयोगशाळेत बनलेल्या द्रव्याची. गोडसर, हिरवट, किंचित औषधी असा त्याचा वास. स्वस्त आणि साबणात टिकणारं, म्हणून पुढे ते साबणांतही शिरलं. पॅरिसच्या बाईसाहेबांचा थाट आपणही न्हाणीत कधीतरी अंगाला चोळलेला असणार.

वाळल्या चाऱ्याचा खरा गोडवा कूमारिन या सुगंधी द्रव्याचा. आपल्या रब्बीत गव्हात तण म्हणून माजणारी, बारीक पिवळ्या फुलांची रानमेथी आहे ना, ती क्लोव्हरच्याच भाऊबंदांतली. उपटून बांधावर टाकली तर पहिल्या दिवशी नुसती हिरवी. सोलापूरचं ऊन खाऊन पानं कुरकुरीत झाली, की मुठीत चुरगाळून बघा. थोडा व्हॅनिला, थोडा बदाम आणि खाली गंजीचा उबदार, धुळकट वास. हाताला तो बराच वेळ राहतो.

हे कूमारिन १८६८ मध्ये विल्यम पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं कृत्रिमरीत्या बनवलं. तोच पर्किन, ज्यानं १८५६ मध्ये पहिला कृत्रिम जांभळा रंग काढला. चादरींच्या गावाला या माणसाचं कौतुक असायला हरकत नाही. १८८२ मध्ये उबिगाँ या फ्रेंच अत्तरवाल्यांच्या 'फुजेर रॉयाल' अत्तरात कूमारिन पडलं आणि आजही पुरुषांच्या निम्म्या बाटल्या तोच सूर आळवतात, असं माझं नाक सांगतं.

पण हा चारा भिजून त्याला बुरशी लागली, की कूमारिनचं डायकूमारॉल होतं, म्हणजे रक्त गोठू न देणारं द्रव्य. १९२०च्या दशकात अमेरिका-कॅनडात असला चारा खाऊन गुरं रक्तस्राव होऊन मेली. त्या शोधातूनच रक्त पातळ करणारं वॉर्फरिन आलं. म्हणजे गंध, विष आणि औषध, सगळं एकाच पेंढीत.

परवा विजापूर वेशीजवळ एका अत्तरवाल्या चाचांना विचारलं, "चाचा, वाळल्या चाऱ्याच्या वासाचं काही आहे का?"

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "सायेब, चारा बाजार समितीत बघा की. हितं खस हाय, लावून बघा."

खसही गवतच, हे मी त्यांना सांगितलं नाही. लहान बाटली घेतली.