नुसते बसून असणारे

भाचीचा सोमवारी सेमिनार. त्याची तालीम रविवारी दुपारी माझ्यापुढे. ती एम.एस्सी.ला आहे, आणि मी जेवून आडवा झालेला, म्हणजे श्रोता म्हणून आदर्शच. विषय, कर्करोगाच्या वाढीत नॉन-कोडिंग आरएनए. आरएनए म्हणजे डीएनएवरून उतरवून घेतलेली नक्कल. डोळा लागणार तेवढ्यात ती म्हणाली, "हे आरएनए स्वतः प्रथिनं बनवत नाहीत. दुसऱ्यांना अडवतात."

मी उठून बसलो. अगं, हे तर आमचे बापूकाका!

नाशकात तिवंध्याजवळच्या वाड्यात, ओट्यावर, चौघडी सतरंजीवर बापूकाका बसलेले असायचे. नोकरी नाही, लग्न नाही. गंगेला, म्हणजे आमच्या गोदावरीला, पूर आला की पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर चढलंय ते बघून यायचं, एवढीच कामगिरी. एरवी अडकित्ता. सुपारी कातरता कातरता मान वर न करता विचारायचे, "कुठं निघालास?" आणि निघालेला परत फिरायचा. वडील एकदा कुणाला जामीन राहायला कागद घेऊन निघाले होते. काकांनी काही विचारलंसुद्धा नाही, नुसता अडकित्ता थांबवला. कागद कपाटात परत गेला. आजी मात्र रोज बोलायची, दिडकी मिळवत नाही म्हणून.

"मामा, लक्ष आहे का?"

होतं की. आपल्या डीएनएतला जेमतेम दोन टक्के भाग प्रथिनांसाठी; उरलेला बराचसा शास्त्रज्ञांनीही अडगळीत काढला होता. १९९३ मध्ये अँब्रोस आणि रुव्हकुन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत लिन-४ नावाचा बावीसेक अक्षरांचा आरएनए दाखवला. दुसऱ्या जनुकाने प्रथिनासाठी धाडलेल्या निरोपाला चिकटून तो निरोपच दाबणारा. कृमीचं खूळ कृमीपाशी, असं म्हणून पुष्कळांनी तो विषय सोडून दिला. नोबेल आलं २०२४ ला!

रक्ताच्या एका कर्करोगात, क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियात, पुष्कळ रुग्णांच्या तेराव्या गुणसूत्राचा एक तुकडा गळालेला असतो. त्या तुकड्यात मिर-१५ आणि मिर-१६ हे असलेच चिमुकले आरएनए बसलेले असतात, हे २००२ मध्ये कळलं. बीसीएल-२ नावाच्या प्रथिनाला हे दोघे आवरून धरतात. ते गेले की बीसीएल-२ माजतं, आणि ज्या पेशींनी वेळेवर मरायचं त्या मरत नाहीत, साठत जातात.

काका गेल्यावर वाड्यातही जो तो निघायचा तिकडे निघाला. वाटण्या, कोर्ट, मग बिल्डर.

पण सगळेच बसून राहणारे भले नसतात. मिर-२१ कितीतरी गाठींमध्ये वाढलेला सापडतो, आणि तो पीटेनला दाबतो. पीटेन म्हणजे वाढीला आवर घालणारं प्रथिन. म्हणजे आवरणाऱ्यालाच अडवायचं! हॉटएअर हा लांबलचक आरएनए स्तनाच्या गाठीत फार असला तर रोग पसरण्याचा धोका वाढतो. वाड्यात असाही एक इसम होता, पण त्याची मुलं हयात आहेत.

"मग जो चांगला गळालाय तो बाहेरून द्यायचा की," मी म्हणालो.

दिला होता. मिर-३४ हाही असाच एक आवरणारा; त्याची नक्कल करून केलेलं औषध. रुग्णांच्या प्रतिकारशक्तीनेच भलता उठाव केला, काही दगावले, आणि २०१६ मध्ये चाचणी थांबवावी लागली. ही स्लाइड ती न वाचताच पुढे सरकवत होती.

म्हटलं, "थांब. ही सावकाश वाच."