नागपूर ते चिखलदरा: मोझरीत बंद पडलेली गाडी

मेअखेरीस, नवतपा म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस सुरू असताना, आम्ही दोघे पहाटे पाचला मोटरसायकलवर नागपूरहून चिखलदऱ्याला निघालो. कोंढाळी, तळेगाव मागे पडेपर्यंत गाडीची काहीही तक्रार नव्हती. मोझरीच्या अलीकडे मात्र हॉर्नचा आवाज बसला आणि चहानंतर स्टार्टरचे बटण दाबले तेव्हा रिलेच्या (स्टार्टरला वीज जोडणाऱ्या स्विचच्या) टकटकीखेरीज काही ऐकू आले नाही. बॅटरी पंधरा दिवसांपूर्वीच बदलली होती. जुनी का उतरली, याचा शोध मात्र मी घेतला नव्हता.

रस्त्यालगतच्या मिस्त्रींनी गाडी धक्का मारून सुरू केली आणि बॅटरीला मल्टिमीटर लावला. रेस वाढवूनही आकडा 11.9 व्होल्टच्या वर जाईना; चार-पाच हजार आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) तो साधारण 13.8 ते 14.5 हवा. "ब्याटरी चांगली हाय भाऊ, तिच्यात करंटच येऊन नाही राहिला," ते म्हणाले.

इंजिनाबरोबर फिरणाऱ्या मॅग्नेटमुळे कॉइल प्लेटमध्ये एसी वीज तयार होते आणि रेग्युलेटर-रेक्टिफायर तिची डीसी करून व्होल्टेज आवरतो. शंट पद्धतीचा रेग्युलेटर जास्तीची वीज शॉर्ट करून कॉइलकडेच परतवतो. म्हणजे दिवे कमी असले तरी कॉइल, तारा आणि कपलर (तारा जोडणारा प्लास्टिकचा जोड) यांच्यावरचा भार उतरत नाही. त्यात कपलरची पिन जराशी सैल झाली की ती तापते, तापल्याने आणखी सैल होते, आणि शेवटी जळते. आमच्या कपलरचे पांढरे प्लास्टिक तपकिरी होऊन वितळले होते, तीन पिवळ्या तारांपैकी दोन पिना काळ्या पडल्या होत्या. कॉइलच्या तारांमध्ये आपसांत रेझिस्टन्स सारखा आणि एक ओहमच्या आत होता, बॉडीशी जोड नव्हती. म्हणजे कॉइल शाबूत होती. मिस्त्रींनी कपलर कापून तारा डाख देऊन जोडल्या, वर स्लीव्ह चढवली. मीटर 14.1 वर गेला तेव्हा मला फार हायसे वाटले.

या वाटेने जाणाऱ्यांनी मल्टिमीटर, इन्सुलेशन टेप आणि फ्यूज जवळ ठेवावेत, आणि बॅगेने रेग्युलेटरचा वारा अडत नाही ना, हे निघण्यापूर्वी पाहावे. वाटेतच चार्जिंग गेले, तर दिवसाउजेडी हेडलाइटचा कपलर काढून ठेवावा, कारण 1 एप्रिल 2017 पासूनच्या नियमामुळे नव्या दुचाकींवर हेडलाइट बंद करण्याचे बटणच नसते. परतवाड्याला, घाट लागण्यापूर्वी, व्होल्टेज पुन्हा एकदा मोजावे. पुढे मेळघाटात मिस्त्री सहज भेटत नाही.