कंसात कंस, भाग ३: एक जादा अधिकचिन्ह

कंसाबाहेरच्या स्वल्पविरामांवरच ओळ तोडणारा रेजेक्स (मजकुरातला नमुना ओळखणारा पॅटर्न) शोधतोय, आणि काल रात्री आंबा अखेर अखंड बाहेर आला! चाचणीची ओळ तीच, आजोबांच्या वहीतून उतरवलेली:

आंबा (पायरी, हापूस (रत्नागिरी, देवगड)), फणस (कापा, बरका), काजू

भाग २ मधला लुकअहेड (पुढे काय येतं ते नुसतं डोकावून पाहणारी अट) ,(?![^()]*\)) इथे का फसला ते कळलं. पायरीनंतरच्या स्वल्पविरामाला पुढे आधी उघडता कंस भेटतो, म्हणून तो स्वतःला बाहेरचा समजतो आणि तुटतो. एका थरापुरता ठीक, पुढे नाही. मग पीएचपीत रिकर्शन घेतलं, म्हणजे पॅटर्न आतल्या कंसासाठी (?1) ने स्वतःलाच पुन्हा बोलावतो: (\((?:[^()]+|(?1))*\)), त्यापुढे स्किप-फेल (जुळलेला कंस न तोडता ओलांडायला लावणारी जोडी) आणि स्वल्पविराम. (पायथनच्या अंगभूत मॉड्यूलमध्ये रिकर्शन नाही. या कामाला मला पीसीआरई, म्हणजे पीएचपीतलं रेजेक्सचं इंजिनच आवडतं.)

चारेकशे ओळी सुरळीत गेल्या आणि एका ओळीवर प्रेग-स्प्लिटने (पॅटर्नवर ओळ तोडणारं पीएचपीचं फंक्शन) नुसतं फॉल्स दिलं. वॉर्निंगही नाही. तीन संध्याकाळी मी युनिकोडचा फ्लॅग आणि जोडाक्षरं तपासत बसलो. शेवटी एरर कोड विचारला, तर २: बॅकट्रॅकची, म्हणजे मागे येऊन पुन्हा जुळवून बघण्याची, मर्यादा संपली. ही मर्यादा मुळात १० लाख असते!

त्या ओळीत हापूसचा एक बंद कंस उतरवायचा राहिला होता. कंस जुळत नाही म्हटल्यावर इंजिन मागे येऊन तोच मजकूर वेगवेगळ्या तुकड्यांत पाडून बघतं. ‘पायरी, हापूस ’ ही १३ चिन्हं. त्यांचेच ४,०९६ प्रकार होतात, आणि पुढच्या प्रत्येक तुकड्यागणिक गुणाकार. + च्या जागी ++ केलं, म्हणजे घेतलेलं परत द्यायचं नाही. ओळ क्षणात सुटली. किती बरं वाटलं!

हे लिहितानाच सुचलं: तोडायचं कशाला, तुकडे सरळ वेचूया. करून पाहिलं:

(?:[^,()]++|(\((?:[^()]++|(?1))*+\)))++

स्किप-फेलची गरजच उरली नाही, आणि वाचायलाही सोपं. एक खोट मात्र आहे. बिनजोडीचा कंस हा पॅटर्न गुपचूप गाळतो आणि आतले आंबे बाहेर सांडतो. तेव्हा या तुकड्यांची सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली फाइल) करायचं काम पुढे ढकललं. आधी हाच पॅटर्न ^ आणि $ (ओळीची सुरुवात आणि शेवट) मध्ये बसवून त्याची चाळणी लावणार, स्वल्पविरामाची मनाई काढून आणि शेवटी *+ घालून. न जुळणाऱ्या ओळी वेगळ्या फाइलीत. पहिल्या फेरीत अशा ११ निघाल्या. त्या वही समोर ठेवून हातानेच दुरुस्त करतोय.