सादळ

नागपूरच्या माणसाला वाळणे ही क्रिया कधी जाणवतच नाही. मे महिन्यात सकाळी गच्चीवर टाकलेली चादर आपण खाली येऊन चहा घेईपर्यंत वाळलेली असते आणि टॉवेल तर इतका कडक होतो की घडी घालताना त्याचा आवाज येतो. २३ मे २०१३ रोजी आमच्या शहराचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. आमच्या घरात मात्र तो दिवस सकाळी घातलेल्या कुरडया संध्याकाळीच डब्यात गेल्या म्हणून लक्षात राहिला आहे. अशा घरातला माणूस ऐन मे महिन्यात कोकणात चार दिवस राहायला गेला, तर त्याचे पहिले भांडण समुद्राशी होत नाही, टॉवेलशी होते.

नागपूर-मडगाव गाडीने आम्ही उभयता दुसऱ्या दिवशी दुपारी कुडाळला उतरलो आणि तिथून रिक्षाने भोगव्याच्या बाजूला एका वाडीत पोहोचलो. जांभ्या दगडाचे कौलारू घर, पुढे शेणाने सारवलेले खळे, त्याला लागून पडवी, मागे रहाटाची विहीर आणि माडांच्या पलीकडे न दिसता ऐकू येणारा समुद्र, असा एकंदर थाट होता. फाटकावर ‘निवास व न्याहारी’ अशी पाटी होती, पण घरच्या काकूंच्या वागण्यात पाटीचा मागमूस नव्हता. लांबून आलेल्या नातेवाइकांना विचारावे तसे त्यांनी आम्हांला आधी पाणी हवे की सरबत, एवढेच विचारले. खोलीत पंखा होता. मी सवयीने कूलर आहे का, असे विचारले आणि काकूंच्या चेहऱ्यावरचे कुतूहल पाहून मलाच ओशाळल्यासारखे झाले. आमचा कूलर चालतो तो पाणी उडून जाताना हवेतली उष्णता घेऊन जाते म्हणून, आणि पाणी उडते ते हवा कोरडी असते म्हणून. मेच्या दुपारी नागपूरची आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर उतरते. इथे ती सत्तरच्या वर असणार. ज्या हवेचे पोट आधीच भरलेले आहे तिला वाळ्याच्या ताट्या लावून आणखी पाणी पाजण्यात काय अर्थ आहे? हे गणित मला शाळेपासून ठाऊक होते, पण ते अंगाला कळायला कोकणातली एक घामेजलेली दुपार लागली.

संध्याकाळी न्हाणीघरातून बाहेर आल्यावर टॉवेल पडवीतल्या वळणीवर टाकला. सकाळी पाहतो तो तसाच. जड, गार, कडेला किंचित चिकट. दुसऱ्या दिवशी त्याच टॉवेलानिशी समुद्रावर गेलो आणि परत येऊन तो पुन्हा तिथेच टाकला, तेव्हा काकूंना राहवले नाही. “तो हयसर सुकाचो नाय,” असे म्हणून त्यांनी तो उचलला, विहिरीच्या पाण्यातून दोनदा काढला, घट्ट पिळला आणि खळ्यात उन्हात टाकला. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात. पाणी उडाले तरी ते कापडात राहतात आणि हवेतला ओलावा पुन्हा ओढून घेतात. म्हणजे मी समुद्रावरून आणून वळणीवर टाकलेला टॉवेल रात्रभर वाळला नसता, तो बसल्या जागी पाणी पीत राहिला असता. दुपारी चार वाजता काकूंनी तो हातात आणून दिला, तेव्हा तो कोरडा होता. पुन्हा बाहेर ठेवू नका, असेही त्यांनी बजावले.

तोवर माझ्या लक्षात आले नव्हते, पण ते घर दिवसभर या एकाच कामात गुंतलेले होते. खळ्याच्या एका कोपऱ्यात फणसाचे पापड, दुसऱ्यात आंब्याची साठे, आणि सुपांतून रातांब्याची साले. रातांबे फोडून बिया काढायच्या, साले त्यांच्याच रसात भिजवून उन्हात घालायची, वाळली की पुन्हा भिजवायची, असे कितीतरी वेळा करावे तेव्हा आमसूल होते. ऊन कलू लागले की काकू सगळे उचलत. थोडा उशीर झाला तर दिवसभराचे वाळवण घटकाभरात सादळते. आमच्याकडे वाळवण घातल्यावर राखण करावी लागते ती चिमण्यांपासून. इथे ती हवेपासून करावी लागते. मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे होते आणि आम्ही भेट म्हणून नेलेला चिवडा, कौतुकाने ताटलीत काढून ठेवलेला, तासाभरात इतका मऊ झाला की तो दातांखाली काही बोलेना. उरलेला चिवडा काकूंनी तातडीने त्यांच्या बरणीत भरला आणि आमचा डबा धुऊन ठेवला.

जेवणाविषयी लिहायचे तर वेगळा लेख होईल. घावणे आणि उकड्या तांदळाची पेज यांची मी अजून आठवण काढतो, एवढे पुरे.

निघताना डबा परत मिळाला तो रिकामा नव्हता. त्यात दाबून आमसुले भरली होती. त्या वेळी ती लवचीक होती, बोटाला लाल ओल लागत होती. वाळवूनही ओली राहणारी ही वस्तू मला त्या मुलखाला फार शोभणारी वाटली. परत आल्यावर पिशवीच्या तळाशी राहिलेला टॉवेल गच्चीवर टाकला. तो पंधरा मिनिटांत पुठ्ठ्यासारखा ताठ झाला. आमसुलांना थोडा अधिक वेळ लागला. झाकण नीट बसत नव्हते की काय कोण जाणे, पण पंधरा दिवसांत ती कडकडीत झाली आणि त्यांच्यावर मिठाची पांढरी साय धरली. सौभाग्यवतींनी चार आमसुले कोमट पाण्यात टाकली, तसे पाणी लालभडक झाले आणि साले हळूहळू मऊ पडली. सोलकढी करायचे ठरले. त्यासाठी इतवारीतून नारळ आणला, तो फोडला, आणि आतून गोटा निघाला.