बाबांचे पेपर मिळवताना

बाबांची बायपास एका खासगी हॉस्पिटलात झाली. ऑपरेशन, कॅशलेस, डिस्चार्ज, कुठेच त्रास नाही. अडलं ते सहा महिन्यांनी. दुसऱ्या डॉक्टरांना डिस्चार्ज कार्ड पुरेना, पूर्ण इनडोअर पेपर, म्हणजे दाखल असतानाच्या सगळ्या नोंदी, हवे होते.

रेकॉर्ड रूम तळघरात. पहिल्या खेपेला साहेब रजेवर, दुसऱ्या खेपेला सर्व्हर डाउन. तिसऱ्यांदा खिडकीतल्या मॅडम म्हणाल्या, "पेपर हॉस्पिटलचे असतात, पेशंटला देत नाही." अहो, विमा कंपनीला याच पेपरांच्या झेरॉक्स गेल्या होत्या! ज्याची छाती उघडली त्यालाच नाही?

संताप खरा आला तो पुढे. त्यांच्या कॉम्प्युटरचं तोंड रांगेकडे होतं. माझ्या आधीच्या बाईंचं नाव, वय आणि गर्भपाताची तारीख मला उभ्या उभ्या वाचता आली. मान फिरवली, पण तोवर वाचून झालं होतं. मग मॅडमना माझी दया आली असावी. म्हणाल्या, "नंबर द्या, माझ्या मोबाइलवरून फोटो पाठवते." मी नको म्हटलं. बाबांचे पेपर कोणाच्या तरी फोनमध्ये कायमचे का राहावेत?

बायकोची मैत्रीण नर्स आहे, तिने वाट दाखवली. मेडिकल कौन्सिलच्या 2002 च्या नियमांनुसार पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यावर 72 तासांत कागद द्यावेच लागतात, आणि अर्जाची पोचही. इनडोअर रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायचं बंधन आहे, तेव्हा फार थांबू नका. मी नियमाचा उल्लेख करून अर्ज लिहिला, बाबांच्या सहीचं अधिकारपत्र जोडलं आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घेतला. तिसऱ्या दिवशी गठ्ठा हातात!

अँजिओग्राफीची सीडी वेगळी मागावी लागते. मी विसरलो, आणखी एक खेप पडली. आणि हो, आधारची प्रत शेवटचे चारच आकडे दिसणारी द्या.

आता बाबांचा 14 अंकी आभा नंबर, म्हणजे सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा नंबर, काढलाय. तो सक्तीचा नाही, पण कोणते रिपोर्ट, कोणाला आणि किती दिवस दाखवायचे हे त्यात बाबाच ठरवतात. दिलेली संमती मागेही घेता येते.

सीडी आणायला गेलो तेव्हा स्क्रीन अजून रांगेकडेच होती. त्याच दिवशी दुसरा अर्ज दिला, स्क्रीन फिरवण्यासाठी. त्याचीही पोच घेतली आहे.