कोल्हापूरहून पुण्याला: दोन दिवस, तीन नाटकं आणि शेवटची मेट्रो

८ ऑगस्ट २०२४च्या रात्री आमच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली, तेव्हापासून आईने नाटकाचं नाव काढणं सोडलं होतं. शाहू महाराजांनी १९१५ साली उभं केलेलं थिएटर. दुसऱ्या दिवशी संगीत रंगभूमीवरचे गायक नट केशवराव भोसल्यांची जयंती होती, त्यासाठीची तयारी झालेली होती आणि आदल्या रात्री सगळं खाक. आता पुन्हा उभारणी चालू आहे, पण आईचं एकच पालुपद: "आता कुठलं नाटक आणि कुठलं काय."

म्हणून मी तिला न विचारता पुण्यातल्या तीन प्रयोगांची तिकिटं काढली. शनिवार-रविवार. गाडी घरी ठेवायची, एसटी आणि मेट्रो, बास. आई अडुसष्टची आहे, गुडघे कुरकुरतात, त्यामुळे पुढचा सल्ला तिच्या गुडघ्यांवर घासून बघितलेला आहे असं समजा.

एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे आणि पासष्टीच्या पुढच्यांनाही अर्धं. या दोन सवलती एकत्र होत नाहीत; आईने कंडक्टरला विचारून खात्री करून घेतली. पंचाहत्तरी ओलांडलेलं कुणी बरोबर असेल तर त्यांचा प्रवास फुकट, आधार कार्ड मात्र हाताशी ठेवा. महामार्गाच्या रुंदीकरणाची कामं जागोजागी चालू आहेत, तेव्हा जुना चार तासांचा हिशेब विसरा. आम्हाला स्वारगेटला पोचायला साडेपाच तास लागले. सकाळी निघून साडेबाराचा प्रयोग गाठायच्या भानगडीत पडू नका.

आमच्यासारख्या दक्षिणेकडून येणाऱ्यांना खरा फरक पडला तो सप्टेंबर २०२४च्या अखेरीला मेट्रो स्वारगेटपर्यंत आली तेव्हा. त्याआधी स्वारगेटला उतरलं की पहिली गाठ रिक्षावाल्याशी पडायची आणि पुण्याबद्दलचं निम्मं मत तिथेच तयार व्हायचं. आता स्टँडातून बाहेर पडून पाट्या बघत मेट्रोच्या जिन्याकडे जायचं, खाली उतरायचं, की थंडगार. इथून पिंपरी-चिंचवडकडे जाणारी जांभळी मार्गिका सुटते. मंडई, कसबा पेठ, मग जिल्हा न्यायालय. वनाज ते रामवाडी ही दुसरी मार्गिका तिला इथेच छेदते, म्हणून डेक्कन, कोथरूड, पुणे स्टेशन यांपैकी कुठेही जायचं असेल तर इथे उतरून गाडी बदलावी लागते. पाटीवर 'जिल्हा न्यायालय' लिहिलेलं असलं तरी कुणाला विचारायचं तर 'सिव्हिल कोर्ट' विचारा, लगेच कळतं.

या स्टेशनवर घाई करू नका. खालचा फलाट जमिनीखाली सुमारे ३३ मीटरवर आहे आणि दुसरी गाडी डोक्यावरून, पुलावरून जाते. म्हणजे पाताळातून निघून माळ्यावर जायचं. सरकत्या जिन्यांवर सरकते जिने. पण वरून सूर्याचा उजेड थेट खालपर्यंत पडेल अशी रचना केली आहे. आई फलाटावर थांबून मान वर करून बघत राहिली. "विहिरीच्या तळाला उभारल्यागत वाटतंय गं," म्हणाली. गुडघे दुखणाऱ्यांनी सरळ लिफ्ट शोधावी. रांग असते, पण लोक म्हाताऱ्या माणसांना पुढे घेतात. गाडी बदलायला दहा मिनिटं हाताशी ठेवा.

वनाजच्या दिशेने महापालिकेनंतरचं स्टेशन छत्रपती संभाजी उद्यान. हे आणि पुढचं डेक्कन, दोन्ही मुठेच्या काठावर आहेत आणि त्यांचं छत पगडीच्या आकाराचं केलंय. "पगडी कशाला, फेटा बांधायचा की," हे आईचं मत नोंदवून पुढे जाते. बालगंधर्व रंगमंदिराला इथूनच उतरायचं. बागेच्या कडेने जंगली महाराज रस्त्यावर आलं की आलंच. या रस्त्याचे पदपथ रुंद केलेत, बसायला जागा आहेत, आणि चालताना खाली न बघता इकडेतिकडे बघता येतं. पुण्यात हे सगळीकडे जमेल असं समजू नका.

बालगंधर्वच्या कोनशिलेला हात लागला तो खुद्द बालगंधर्वांचा, ८ ऑक्टोबर १९६२ला. उद्घाटन २६ जून १९६८ला झालं, त्यांच्या जयंतीच्या दिवशी, पण तोवर ते राहिले नव्हते. उभारणीत पु. ल. देशपांड्यांचा जातीने सहभाग होता. आत गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची मोठी तैलचित्रं आहेत, एक पुरुषवेशातलं आणि एक स्त्रीवेशातलं. घंटा होईपर्यंत कॅन्टीनच्या रांगेत उभं राहण्यापेक्षा ती बघा. आई स्त्रीवेशातल्या चित्रासमोर बराच वेळ उभी होती. मग म्हणाली, "ह्यांच्यासमोर आमचे केशवराव उभारले होते." १९२१ साली टिळक स्वराज्य फंडासाठी दोघांच्या नाटक मंडळ्यांनी मिळून केलेला संयुक्त 'मानापमान': भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव. त्याच वर्षी केशवराव गेले. मला हे माहीत होतं, पण तिच्या तोंडून ऐकल्यावर त्या दोन नाट्यगृहांच्या पाट्या एकमेकींच्या शेजारी दिसल्या.

हे रंगमंदिर पाडून तिथे नवं, मोठं संकुल बांधायचा प्रस्ताव गेली काही वर्षं चर्चेत आहे. कलावंतांमध्येही दोन तट आहेत. जागा मोक्याची, आता मेट्रो दाराशी, पार्किंग अपुरं, तेव्हा कुणाच्याही मनात आकडेमोड सुरू होणारच. मी बाहेरची, मला मत द्यायचा अधिकार किती ते माहीत नाही. पण ज्या गावात एक नाट्यगृह एका रात्रीत गेलं त्या गावाकडून एवढं सांगते: पाडल्यापासून पुन्हा पडदा वर जाईपर्यंत मधली जी वर्षं असतात, ती कुठल्याच आराखड्यात दाखवलेली नसतात. आणि कॉलेजातली जी पोरं त्या वर्षांत प्रेक्षक व्हायची असतात, ती दुसरीकडे कुठेतरी जातात.

साडेपाचचा प्रयोग आठला सुटला. इथवर सगळं झकास.

आता चूक सांगते. साडेनऊचं दुसरं नाटक मी कोथरूडला, यशवंतराव चव्हाण नाट्यगृहात काढलं होतं. जाताना काहीच अडचण नाही. मेट्रोने आनंदनगर आणि तिथून छोटी रिक्षा. नाटक रंगलं, टाळ्या पडल्या, बाहेर आलो तर सव्वाबारा. शेवटची मेट्रो अकराच्या सुमारास गेलेली. मुक्काम डेक्कनला. फोनवरच्या ॲपवर रिक्षा येतेय येतेय म्हणत तीनदा रद्द झाली. बाहेर एक रिक्षा उभी होती, त्याने मागितले तीनशे.

"अरे दादा, डेक्कनला जायचंय आम्हाला," आई म्हणाली. "तू कोल्हापूरचं भाडं सांगालायस."

"मावशी, रात्रीचं परत रिकामं यावं लागतं," तो म्हणाला. शेवटी सव्वादोनशेवर मिटलं. रस्ताभर दोघं कांद्याच्या भावावर बोलत होते, मी मात्र धुमसत होते.

माझं म्हणणं त्या रिक्षावाल्याबद्दल नाही. पुण्याच्या नाटकांच्या वेळा ठरलेल्या आहेत: दुपारी साडेबारा, संध्याकाळी पाच-साडेपाच, रात्री साडेनऊ. पिढ्यान्‌पिढ्या. रात्रीचा प्रयोग जेवून यायचा, आणि स्कूटरवरून घरी जायचं. हे वेळापत्रक दुचाकीच्या शहराचं आहे. मेट्रो नाट्यगृहांच्या दाराशी आली तरी घड्याळं अजून जुळलेली नाहीत. गणेशोत्सवात मेट्रो रात्री उशिरापर्यंत धावते, म्हणजे जमतं, हे सिद्ध झालेलं आहे. शनिवारी तासभर वाढवावा किंवा साडेनऊचा प्रयोग साडेआठला आणावा. कोण आधी हलतंय बघू. तोवर बाहेरगावच्यांनी दुपार आणि संध्याकाळचेच प्रयोग धरावेत. रात्रीचाच हवा असेल तर मुक्काम त्या नाट्यगृहापासून चालत जाता येईल असा शोधा, डेक्कनचा मोह सोडा.

रविवारी सकाळी मंडई. हे स्टेशन मला सगळ्यात आवडलं, कारण वर आल्यावर शहर एकदम अंगावर येतं: भाजीचा वास, देवळाची घंटा, टेम्पोचा हॉर्न. पेठांतल्या बोळांवरून पूल नेणं शक्यच नव्हतं, म्हणून इथे बोगदा. खालून गाडी जाते आणि वर आजी मेथीची जुडी दाबून बघतात. महात्मा फुले मंडईची इमारत १८८०च्या दशकातली, मूळ नाव रे मार्केट, तेव्हाच्या गव्हर्नरच्या नावावरून. तो अष्टकोनी मनोरा सकाळच्या उन्हात बघा. मग तुळशीबागेत शिरा. श्रीकृष्ण भुवनची मिसळ खाल्ली. कोल्हापूरकराने पुण्यात मिसळीबद्दल लिहिणं सभ्यपणाचं नाही, त्यामुळे इतकंच की आईने दोन पाव संपवले आणि कटाविषयी मौन पाळलं.

तिथून नातूबागेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात चालत गेलो. कविता 'अज्ञातवासी' नावाने लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी आपल्या गेलेल्या मुलाच्या नावाने उभारलेलं घर. दिवे, अडकित्ते, वाद्यं, खेळणी, आणि कोथरूडहून उचलून आणून पुन्हा मांडलेला मस्तानी महाल. तीन मजले आहेत; गुडघ्यांचा विचार करून अडकित्ते आणि वाद्यं आधी बघा, बाकी जमेल तसं.

या भागात चालताना दर पाच-दहा घरांमागे एक वाडा उतरवलेला किंवा उतरवण्याच्या बेतात दिसतो. कुठे लाकडी महिरप शाबूत आणि मागे नुसतं आकाश. नवी इमारत येते तिच्या खाली पार्किंग, म्हणजे बोळातला ओटा गेला. मेट्रो जवळ आल्यावर जागेचा भाव चढणार हे सांगायला कुणी तज्ज्ञ लागत नाही. चालण्याबद्दल सांगायचं तर लक्ष्मी रस्त्यावर रविवारी संध्याकाळी जाऊ नका. ११ डिसेंबरला महापालिका पादचारी दिन पाळते तेव्हा तो रस्ता वाहनांना बंद असतो. त्या तारखेला येणं जमलं तर नक्की या.

तिसरं नाटक टिळक रस्त्यावर हिराबागेत, श्रीराम लागू रंग-अवकाशमध्ये. ही प्रायोगिक नाटकांसाठीची लहान जागा आहे, ज्योत्स्ना भोळे सभागृहाच्याच आवारात. मोठ्या नाट्यगृहात पडद्यामागून येणारा धूप आणि घंटेची सवय असलेल्या आईने बसल्या बसल्या विचारलं, "पडदा कुठाय?" पडदा नव्हता. नट आमच्यापासून दोन हातांवर होते. एका प्रसंगात मुलीच्या डोळ्यांतलं पाणी खरं आहे की नाही ते आम्हाला दिसत होतं, आणि खरं होतं. पुण्यात अशा छोट्या जागा वाढताहेत, एरंडवण्यात 'द बॉक्स' आहे, शनिवार पेठेत सुदर्शन रंगमंच. माझ्या मते बाहेरगावहून येणाऱ्याने तीनपैकी एक तरी नाटक असं धरावं, कारण मोठी नाटकं आज ना उद्या दौऱ्यावर आपल्या गावी येतात, ही येत नाहीत. प्रयोग सात-साडेसातच्या आत सुरू होत असेल तर परतीची मेट्रोही मिळते. तिकिटं मात्र आधी काढा. जागा कमी असतात आणि दाराशी आल्यावर कुणी 'ॲडजस्ट' करत नाही.

तिकिटांचं सर्वसाधारण: मोठ्या नाटकांची ऑनलाइन मिळतात, पण नाट्यगृहाच्या खिडकीवर सकाळ-संध्याकाळ प्लॅन उघडा असतो आणि तिथे खुर्ची दाखवून निवडता येते. दुपारी खिडकी बंद. वयस्कर माणूस बरोबर असेल तर कडेची, पायऱ्यांच्या जवळची खुर्ची मागा. आणि प्रयोगाला जाण्याआधी मुक्कामावरच मोकळे होऊन निघा; कुठल्या नाट्यगृहात हे शिकलो ते लिहीत नाही.

मेट्रोचं तिकीट दहा रुपयांपासून सुरू होतं, शनिवार-रविवारी ३० टक्के सवलत असते. फोनवर काढलं तर रांग वाचते. कोणत्या दिवसांत यावं म्हणाल तर ऑगस्टमध्ये पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या फेऱ्या सदाशिव पेठेत भरत नाट्य मंदिरात रंगतात, तिथला पोरांचा दंगा हाच एक प्रयोग असतो. डिसेंबरात शास्त्रीय संगीताचा सवाई गंधर्व महोत्सव मुकुंदनगरला, स्वारगेटहून जवळ.

हिराबागेतून स्वारगेट रिक्षाने पाच मिनिटं. मीटरने. रातराणी पकडली. बस कात्रजच्या बोगद्यात शिरल्यावर, मला वाटलं झोपली, तर आई म्हणाली, "ती पडदा नसलेली पोरं परत कधी करणार हाईत?"

मी फोनवर बघितलं. पुढच्या महिन्यात, शनिवारी.

"किती वाजता?"

"साडेसहा."

"मग मेट्रो घावती," म्हणाली, आणि शाल डोक्यावरून ओढून घेतली.