आमची वाटचाल : वॉशिंग सेंटर ते कोटिंग आणि परत धुलाई

वाघोलीत आमचं सुरुवातीला साधं वॉशिंग सेंटर होतं, एक रॅम्प, एक प्रेशर पंप आणि हाताखाली दोन पोरं. तेव्हा लोक गाडीच्या पेंटवर टेफ्लॉनचा थर करून घ्यायचे, लॉकडाऊननंतर मात्र जो तो सिरॅमिक कोटिंगच (पेंट जपणारा कडक पारदर्शक थर) विचारायला लागला, मग आम्हीपण शिकून घेतलं, पॉलिशिंग मशीन आणली, शेडला बरे लाईट लावले. कामं येत गेली.

पुढं असं व्हायला लागलं की कोटिंग केलेलं गिऱ्हाईक काही महिन्यांनी परत यायचं, दादा पाण्याचे थेंब आता घरंगळत नाहीत, कोटिंग उडालं वाटतं. बघावं तर बहुतेक गाड्यांवर कोटिंग जागेवरच, त्यावर क्षार आणि धुळीचा थर बसलेला. आयर्न रिमूव्हर मारून ब्रेकचे लोखंडाचे कण काढायचे, मग क्षार काढणारा सौम्य अ‍ॅसिडिक शाम्पू, की थेंब परत उभे. इथंच कळलं की आपलं खरं काम कोटिंग लावून झाल्यावर सुरू होतंय.

आमच्या भागात टँकर नाहीतर बोअर. पिण्याच्या पाण्याला ५०० पर्यंत टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) बरा मानतात, बोअरचा त्याच्या कितीतरी वर जातो. आणि कोटिंगवर पाणी पसरत नाही, थेंब धरून बसतं, उन्हात तिथंच वाळलं की सगळा क्षार त्या गोल डागात. म्हणून गाडी उन्हात धुवायचीच नाही आणि धुतली की लगेच मायक्रोफायबरनं टिपायची, घासायची नाही. आम्ही आधी सॉफ्टनर बसवला, पण तो कॅल्शियम काढून सोडियम सोडतो, टीडीएस मीटरवर आकडा जवळपास तोच राहतो (डाग मात्र सहज निघतात हे मान्य), शेवटी अखेरच्या पाण्यासाठी डीआय युनिट (पाण्यातले क्षार पूर्ण काढणारं) घेतलं, महाग पडलं पण घेतलं.

दुसरं म्हणजे सोसायटीत सकाळी गाडी पुसणारा. त्याची चूक नाही हो, एक बादली, एक फडकं आणि लोक ऑफिसला निघायच्या आत सगळ्या गाड्या उरकायच्या. पण इकडं सगळीकडं बांधकामं चालू, त्या धुळीत वाळू असते आणि कोरड्या फडक्यानं ती पेंटवर फिरवली की उन्हात बारीक ओरखड्यांचं जाळं दिसतं. लोक म्हणतात कोटिंग ९एच आहे ना? अहो तो पेन्सिलीनं ओरखडून मोजलेला कडकपणा, वाळूपुढं काय टिकणार! पुसणाऱ्याला सांगा फक्त काचा पूस, बॉडीला हात लावू नको.

बाकी नेहमीचंच : नवीन कोटिंगवर साधारण आठवडाभर शाम्पू नको, कपड्याची पावडर कधीच नको, पीएच न्यूट्रल (ना आम्ल ना अल्कली) शाम्पू घ्या, दोन बादल्या ठेवा, एक शाम्पूची एक मिट (गाडी धुवायचा हातमोजा) खंगाळायची. पक्ष्यांची घाण दिसली की आधी भिजवा मग उचला, रविवारची वाट बघू नका, कोटिंगवरसुद्धा तिचा डाग उतरतो.

हल्ली आमच्याकडं नवीन कोटिंगपेक्षा मेंटेनन्सच्याच गाड्या जास्त, बऱ्याच तर दुसरीकडं कोटिंग केलेल्या. त्याही घेतो, फक्त आधी बघून सांगतो की कोटिंग शिल्लक आहे की नाही, नसेल तर टॉपर (कोटिंगवर मारायचा वरचा पातळ थर) मारून उगाच पैसे लावत नाही. शनिवार-रविवारी यायचं असेल तर आधी फोन करा, शेडमधे एका वेळी दोनच गाड्या बसतात.